घरगुती ध्वनियंत्रणा : साधेपणा व गुंतागुंत

घरगुती ध्वनियंत्रणा : ध्वनिमुद्रिका, ध्वनिफीत, सीडी, रेडिओ किंवा संगणकीय जाळे यांतून मिळणाऱ्या संकेताचे घरात ऐकण्याजोग्या ध्वनीत रूपांतर करणाऱ्या साधनांच्या संचास घरगुती ध्वनियंत्रणा म्हणतात. संकेताचा उगम, विवर्धक (संकेताची शक्ती वाढविणारे साधन) व ध्वनिक्षेपक हे तिचे तीन प्रमुख घटक होत. ज्या खोलीत ही साधने मांडली जातात ती खोली हा चौथा, पण बहुधा दुर्लक्षित राहणारा घटक होय. अशी यंत्रणा कशी असावी यासंबंधी प्रारंभापासून दोन मतप्रवाह आढळतात. संकेताच्या मार्गात जितके घटक कमी तितका ध्वनी मुळाशी अधिक इमान राखतो, असे एका पक्षाचे म्हणणे आहे. प्रत्येक नैसर्गिक साधनात काही दोष असतातच व त्यांचे निवारण करण्यासाठी अधिक घटक योजावेच लागतात, असे दुसरा पक्ष मानतो. या साधनांच्या विकासाचा इतिहास पाहता घटकांची संख्या ही गुणवत्तेची कसोटी ठरत नाही, असे दिसून येते. एखादा घटक जेवढा दोष दूर करतो त्याहून कमी दोष स्वतः निर्माण करीत असेल, तरच त्याचे यंत्रणेतील स्थान समर्थनीय ठरते. शिवाय एका ठिकाणी टाळलेली गुंतागुंत पुष्कळदा दुसऱ्या ठिकाणी प्रकट होते. यंत्रणेवर होणारा खर्च, तिची दुरुस्ती, तिचे आयुष्य व मुख्यतः तिच्यातून ऐकू येणारे संगीत या सर्व बाबी या निवडीवर अवलंबून असतात.

ऐतिहासिक आढावा : टॉमस एडिसन यांनी १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला, तर एमिल बर्लिनर यांनी १८८७ मध्ये सपाट तबकडीवर आधारलेल्या ग्रामोफोनचे एकस्व (पेटंट) घेतले. चावीने गुंडाळलेल्या कमानीवर फिरणारी तबकडी, तिच्या खाचेतून जाणारी सुई, सुईला जोडलेले पटल व पटलाचा ध्वनी हवेत पसरविणारा कर्णा एवढेच यांत्रिक ग्रामोफोनचे घटक होते. याहून साधी ध्वनियंत्रणा कल्पिता येणे कठीण आहे. तथापि या साधेपणाचे मोल ध्वनिमुद्रिकेस द्यावे लागे. पटल हालविण्यास लागणारी सर्व ऊर्जा खाचेतूनच घ्यावयाची असल्यामुळे सुईचा दाब फार मोठा ठेवावा लागे व खाच लवकर झिजे. पोलादी सुई तर प्रत्येक बाजू वाजविल्यावर बदलावी लागे. यांत्रिक पद्धतीने मुद्रित केलेल्या ध्वनीची कंप्रतामर्यादा (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची मर्यादा) सु. २५० ते २,५०० हर्ट्‌झ इतकीच असे. त्यामुळे खर्जातील स्वर व वाद्यांच्या ध्वनीतील वरचे अंश गळून पडत.

ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये शोधलेल्या तीन अग्रांच्या निर्वात नलिकेमुळे क्षीण विद्युत् संकेताचे विवर्धन शक्य झाले. १९२५ मध्ये विद्युत् ध्वनिमुद्रणास व्यापारी प्रमाणावर सुरुवात झाली व त्याच वर्षी चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी चल वेटोळ्याच्या ध्वनिक्षेपकाचे वर्णन प्रसिद्ध केले. आजही बहुसंख्य ध्वनिक्षेपक याच तत्त्वावर कार्य करतात. सुई व कर्णा यांच्या दरम्यान आता पिक-अप, नलिका, रोहित्र व वेटोळे असे अनेक घटक आले. यंत्रणा गुंतागुंतीची झाली, परंतु ऐकू येणाऱ्या कंप्रतांचा विस्तार सु. दुप्पट झाला व आवाज इच्छेनुसार कमीजास्त करता येऊ लागला. कालांतराने सुईचा दाबही पुष्कळ कमी करता आला.

विवर्धकाच्या विकासातील एक महत्त्वाचा टप्पा हॅरल्ड ब्लॅक यांनी १९२७ मध्ये गाठला. दूर अंतरावरील दूरध्वनीसाठी काम करीत असताना त्यांनी विवर्धकातून बाहेर पडणाऱ्या संकेताचा अल्प अंश उलट करून पुन्हा त्याच्या आरंभी देण्याची कल्पना मांडली. हिला ऋण पुनःप्रदाय म्हणतात. अशा रीतीने विवर्धन एकदशांश केले, तर विवर्धकाने निर्माण केलेली विकृतीही (संकेताच्या आकारातील बिघाडही) जवळजवळ एकदशांश होते. गमावलेले विवर्धन भरून काढण्यासाठी आणखी एक टप्पा जोडावा लागतो. वरकरणी ही उलटी रीत वाटते, पण एक टप्पा वाढवून विकृती दहा पटींनी घटते हा व्यवहार फायद्याचाच आहे. डी. टी. एन. विल्यमसन यांनी वायरलेस वर्ल्ड या ब्रिटिश नियतकालिकात १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेला विवर्धक याच तत्त्वावर आधारलेला होता. १५ वॅट शक्तीस त्याची विकृती ०.१ टक्क्याहून कमी होती. अनेक देशांतील हौशी तंत्रज्ञांनी तो घरी तयार केला व दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झालेल्या ‘हाय-फाय’ या संज्ञेस त्यामुळे निश्चित मोजमापाचा आधार मिळाला. मात्र परत दिलेला संकेत काही कंप्रतांना योग्य वेळी न पोहोचल्यास विवर्धक स्वतःच आंदोलित होऊ लागतो. हे टाळण्यासाठी विल्यमसन यांना अत्यंत काळजीपूर्वक गुंडाळलेले रोहित्र वापरावे लागले.

अपरिहार्य गुंतागुंत : काही घटक साधेपणाच्या आवडीखातर वगळता येत नाहीत. मिनिटाला ३३ १/३ फेरे घेणारी दीर्घवादन ध्वनिमुद्रिका १९४८ मध्ये प्रचारात आली. खर्जाचे स्वर मूळ प्रमाणात कोरल्यास सुई फार मोठ्या अंतरात डोलते व शेजारच्या खाचा एकमेकींत मिसळतात. यासाठी मुद्रण करताना खर्ज कमी व तार सप्तकाकडील भाग अधिक ठेवतात आणि वाजविताना हे प्रमाण उलट करतात. १९५४ मध्ये अमेरिकेत या प्रमाणांचे मानक ठरविण्यात आले. त्यानुसार वाजविताना १,००० हर्ट्‌झच्या तुलनेने ५० हर्ट्‌झचा संकेत सु. १७ डेसिबेलांनी वाढवावा लागतो, तर १०,००० हर्ट्‌झचा सु. १४ डेसिबेलांनी घटवावा लागतो. हे दुरुस्ती मंडल गाळल्यास ध्वनी पातळ व कर्कश येतो. येथे गुंतागुंत ही मुद्रणपद्धतीचाच अर्धा भाग असते.

द्विमार्गी ध्वनीची (स्टिरिओची) गोष्टही अशीच आहे. ॲलन ब्लमलाइन यांनी १९३१ मध्ये इंग्लंडमध्ये या पद्धतीच्या एकस्वासाठी अर्ज केला व १९५८ मध्ये तशा ध्वनिमुद्रिका बाजारात आल्या. खाचेच्या दोन भिंतींवर दोन संकेत कोरलेले असल्यामुळे एकच सुई दोन्ही वाचते. विवर्धक व ध्वनिक्षेपक दोन-दोन लागले तरी गायक व वाद्ये यांची स्थाने श्रोत्यास जाणवू लागली, म्हणून वाढीव खर्च लोकांनी स्वीकारला. याउलट १९७०–८० या दशकात आलेली चतुर्मार्गी पद्धत टिकली नाही. तिचे तीन प्रमुख प्रकार एकमेकांशी जुळणारे नव्हते. त्यांपैकी दोन प्रकारांत चार संकेत दोनमध्ये गुंफलेले असल्यामुळे ते पुन्हा पूर्णपणे वेगळे करता येत नसत. तिसऱ्या प्रकारात ३०,००० हर्ट्‌झच्या वाहक तरंगाचा उपयोग केलेला असल्याने खास आकाराची सुई लागे. राहत्या खोलीच्या चार कोपऱ्यांत चार ध्वनिक्षेपक मांडणेही गैरसोयीचे होते. दशकाच्या अखेरीस ही पद्धत जवळजवळ लोप पावली.

साधेपणाची बाजू : साधेपणाच्या पुरस्कर्त्यांचा पहिला युक्तिवाद भरवशाचा आहे. एकामागोमाग जोडलेल्या १०० घटकांपैकी प्रत्येक घटक ठराविक काळात ९९.९ टक्के भरवशाचा असला, तरी त्या काळात सर्व यंत्रणा निर्दोष राहण्याची शक्यता ९०.५ टक्केच उरते. घटकांचा भरवसा ९९ टक्के असल्यास ही शक्यता ३७ टक्क्यांच्या खाली जाते. दुसरा युक्तिवाद असा की, प्रत्येक टप्पा आपली थोडी खरखर व विकृती संकेतात मिसळतो आणि पुढील टप्पा मूळ संकेताबरोबर तीही वाढवितो.

या विचाराचे टोकाचे उदाहरण म्हणजे एकाच ट्रायोड नलिकेने ध्वनिक्षेपक चालविणारा, ऋण पुनःप्रदाय नसलेला विवर्धक होय. मूळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या ‘३००बी’ या नलिकेवर आधारलेल्या अशा विवर्धकास जपानमधील व नंतर पाश्चात्त्य देशांतील रसिकांनी पुन्हा मान मिळवून दिला. त्याची शक्ती सु. ८ वॅट इतकीच असते व आवाज वाढविताच विकृतीही वाढते. एवढ्या शक्तीत खोली भरून टाकावयाची, तर अत्यंत कार्यक्षम ध्वनिक्षेपक लागतो आणि तो पुष्कळदा कपाटाएवढ्या आकाराचा, घडी घातलेल्या कर्ण्याचा असतो. विवर्धकातील काटकसर अशा रीतीने सुतारकामात भरून द्यावी लागते.

सर्व कंप्रतांसाठी एकच पटल वापरणाऱ्या ध्वनिक्षेपकाबाबतही हाच अनुभव येतो. मानवी आवाजाचा मुख्य भाग एकाच पटलातून आल्याने तो एकसंध वाटतो हे खरे. परंतु ध्वनीचा दाब तोच राखून कंप्रता निम्मी केल्यास पटलाला चौपट अंतर हालावे लागते. म्हणून खर्जासाठी मोठे पटल हवे असते. उलट १०,००० हर्ट्‌झच्या ध्वनीची तरंगलांबी अवघी सु. ३.४ सेंमी. असते. २० सेंमी. व्यासाचे पटल असा ध्वनी झोताप्रमाणे समोरच फेकते व बाजूस बसलेल्या श्रोत्यास तो मंद ऐकू येतो.

साधेपणाचे यशस्वी उदाहरण म्हणून ‘एनएडी ३०२०’ या १९७८ मधील विवर्धकाचा निर्देश करता येईल. प्रत्येक मार्गास २० वॅट अशी माफक शक्ती असलेल्या या साधनात दर्शनी सजावटीवर खर्च न करता प्रत्यक्ष ध्वनिक्षेपकास पुरेसा प्रवाह पुरविण्याकडे लक्ष दिलेले होते. अल्प किंमतीमुळे ते अनेक देशांत लोकप्रिय झाले. कोणते घटक गाळावयाचे याचा येथे विचारपूर्वक निर्णय झालेला दिसतो.

गुंतागुंतीची बाजू : एका पटलाच्या वरील मर्यादांमुळे खर्जासाठी व तार स्वरांसाठी स्वतंत्र पटले वापरून त्यांच्यात संकेताची वाटणी करणारे विभाजक मंडल योजतात. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनच्या अभियंत्यांनी १९७०–८० या दशकात प्रक्षेपणाच्या फिरत्या गाड्यांसाठी तयार केलेला ‘एलएस३/५ए’ हा सु. ३० सेंमी. उंचीचा ध्वनिक्षेपक बाहेरून अगदी साधा दिसतो. मात्र त्यातील विभाजक मंडलात त्या काळच्या मानाने पुष्कळ घटक असून पटलांतील व पेटीतील लहानसहान दोष त्यांद्वारे दुरुस्त केलेले आहेत. मानवी आवाज नैसर्गिक ऐकू यावा हे त्याचे मुख्य उद्दिष्ट होते व ते साध्य झाल्याने घरगुती श्रोत्यांतही त्याला दीर्घकाळ मागणी राहिली.

ध्वनिफितीवरील डॉल्बी-बी ही १९६८ मधील पद्धत असाच एक दाखला होय. मुद्रणाच्या वेळी मंद असलेले उच्च कंप्रतेचे स्वर वाढवून ठेवतात व वाजविताना तितकेच कमी करतात. त्याबरोबर फितीची फुसफुसही सु. १० डेसिबेलांनी घटते. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीमध्ये तर गुंतागुंत पूर्णपणे आत गेली. तिच्या प्रत्येक मार्गातील संकेताचे दर सेकंदास ४४,१०० वेळा मापन होते व प्रत्येक माप १६ द्विमान अंकांत लिहिले जाते. म्हणजे दोन मार्गांसाठी दर सेकंदास १४,११,२०० अंक लागतात. त्यांत जादा तपासणी अंक गुंफलेले असल्यामुळे चरा पडून सु. २.४ मिमी. लांबीचा मजकूर नष्ट झाला, तरी तो गणिताने अचूक परत मिळविता येतो. श्रोत्याला केवळ एक कळ दाबावी लागते.

तथापि सर्वच गुंतागुंत अशी उपकारक नसते. १९८०–९० या दशकातील एकावर एक रचलेल्या संचांवर अनेक सरकत्या दांड्यांचे समकारी व लुकलुकणारे मापक असत. वापरणारा बहुधा खर्ज व तार या दोन्ही बाजू चढवून ठेवी आणि त्यामुळे मधल्या पट्ट्यातील गायकाचा आवाज झाकला जाई. भारतीय बाजारात पुढे ‘पीएमपीओ’ या नावाखाली छोट्या संचांवरही शेकडो वा हजारो वॅटचे आकडे छापले जाऊ लागले. क्षणमात्र मिळणाऱ्या, प्रमाणित नसलेल्या या शक्तीचा प्रत्यक्ष श्रवणाशी फारसा संबंध नसतो. शक्ती दुप्पट केल्याने आवाजाची पातळी फक्त ३ डेसिबेलांनी वाढते. आवाज दुप्पट मोठा भासण्यासाठी सु. दहापट शक्ती लागते.

खोलीचा परिणाम : ध्वनिक्षेपकापासून निघालेला ध्वनी भिंती, छत व जमीन यांवर आपटून श्रोत्यापर्यंत पोहोचतो. ४.३ मी. लांबीच्या खोलीत सु. ४० हर्ट्‌झला समोरासमोरच्या भिंतींमध्ये अनुस्पंदन होते. त्या स्वराजवळचा खर्ज भिंतीलगत घुमतो, तर मध्यभागी जवळजवळ नाहीसा होतो. महागडा विवर्धक घेतल्याने यात कोणताच फरक पडत नाही. ध्वनिक्षेपक किंवा बैठक थोडी सरकविल्याने मात्र पडतो.

ध्वनी बंद केल्यावर त्याची पातळी ६० डेसिबेलांनी उतरण्यास लागणाऱ्या काळास निनाद काल म्हणतात. वॉलेस साबीन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोधलेल्या सूत्रानुसार तो खोलीच्या घनफळास ०.१६१ ने गुणून एकूण शोषणाने भागल्यास मिळतो. ४५ घ. मी. घनफळाच्या खोलीत गिलावा केलेल्या भिंती व उघडी फरशी असून एकूण शोषण ७ चौ. मी. इतके असेल, तर निनाद काल सु. १ सेकंद येतो. जाड पडदे, गाद्या, सतरंजी व पुस्तकांचे कपाट यांनी शोषण १५ चौ. मी. पर्यंत नेल्यास तो निम्म्यावर येतो. पहिल्या स्थितीत बोललेले शब्द एकमेकांत मिसळतात, तर दुसऱ्या स्थितीत ते स्पष्ट होतात. महाराष्ट्रातील घरांत फरशीची जमीन सर्रास आढळत असल्यामुळे हा मुद्दा येथे विशेष महत्त्वाचा आहे.

मुद्रणाचे स्वरूप व भारतीय संगीत : यंत्रणा किती विस्तृत असावी हे तिच्यावर काय ऐकावयाचे आहे यावरही अवलंबून असते. तंबोऱ्याच्या ध्वनीत मूळ स्वराच्या पटींतील अनेक कंप्रता एकत्र असतात व त्यांच्या सतत बदलणाऱ्या मिश्रणातून त्याची झंकार निर्माण होते. म्हणून यंत्रणेची परीक्षा करण्यास तंबोरा हे उत्तम वाद्य होय. डग्ग्याची घुमारदार मींड खर्जाची परीक्षा करते. याउलट यांत्रिक पद्धतीने मुद्रित झालेल्या जुन्या नाट्यगीतांत व ख्यालांत सु. २,५०० हर्ट्‌झच्या वरचा अंश मुळातच नसतो. अशी ध्वनिमुद्रिका विस्तृत कंप्रतेच्या यंत्रणेवर वाजविल्यास वरच्या भागात केवळ खरखर ऐकू येते. १९५८ पूर्वीच्या घरगुती ध्वनिमुद्रिका जवळजवळ सर्व एकमार्गी असल्याने त्यांना एक चांगला ध्वनिक्षेपक पुरतो. जुन्या मुद्रणांची खरखर संगणकाने काढताना ती अतिरेकी प्रमाणात काढल्यास गायकाच्या आवाजातील धार व श्वासाचे बारकावेही तिच्याबरोबर नाहीसे होतात. त्यामुळे मूळ मुद्रण जसेच्या तसे जतन करून दुरुस्त प्रत वेगळी ठेवणे इष्ट ठरते.

श्रवणचाचण्या : डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींचा कानांवर परिणाम होतो, हे प्रयोगांनी दिसून आले आहे. फ्लॉइड टूल व शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात त्याच श्रोत्यांनी तेच ध्वनिक्षेपक एकदा पाहून व एकदा पडद्याआड ऐकले. दिसत असताना आकार, किंमत व नाममुद्रा यांचा गुणांकनावर ठळक प्रभाव पडला. साध्या यंत्रणेचा अभिमान व गुंतागुंतीच्या यंत्रणेचा दिमाख हे दोन्ही असे प्रभाव पाडू शकतात. म्हणून तुलना करताना दोन्ही साधनांचा आवाज समान पातळीवर आणून कोणते वाजत आहे हे श्रोत्यापासून लपवितात. किंचित मोठा आवाजही अधिक चांगला भासतो, हे त्याचे कारण होय.

अर्वाचीन स्थिती व निवड : एकविसाव्या शतकात विवर्धक, अंकीय संस्कारक व ध्वनिक्षेपक एकाच पेटीत सामावलेल्या बिनतारी यंत्रणा प्रचारात आल्या. दुसऱ्या बाजूस २०१२ मध्ये चित्रपटगृहांत व २०१४ मध्ये घरांत आलेल्या डॉल्बी ॲटमॉस पद्धतीत छतावरील ध्वनिक्षेपकांसह बारा किंवा अधिक मार्ग योजता येतात. पहिल्या प्रकारात मांडणी अत्यंत सोपी असली, तरी आतील मंडल व आज्ञावली सामान्य कारागिराच्या आवाक्याबाहेरची असते. उत्पादकाने आज्ञावलीचा आधार काढून घेतल्यास ध्वनिक्षेपक सुस्थितीत असूनही पेटी निरुपयोगी होऊ शकते. सुट्या घटकांच्या यंत्रणेत बिघडलेला भाग तेवढाच दुरुस्त करता किंवा बदलता येतो. वापरण्यातील सोपेपणा व रचनेतील साधेपणा या भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

सामान्य घरासाठी खर्चाचा व श्रमाचा क्रम प्रथम खोली व मांडणी, नंतर ध्वनिक्षेपक, त्यानंतर पुरेशा शक्तीचा विवर्धक व शेवटी जोडतारा असा ठेवणे युक्त असते. २.५ चौ. मिमी. छेदाच्या तांब्याच्या तारेने ५ मी. अंतरावर जोडलेल्या ८ ओहम ध्वनिक्षेपकाच्या बाबतीत जाण्यायेण्याच्या तारेचा रोध अवघा सु. ०.०७ ओहम असतो. त्यामुळे होणारी घट एक दशांश डेसिबेलाहून कमी असल्याने मौल्यवान तारांवर केलेला खर्च फलदायी ठरत नाही. नवा घटक घेण्यापूर्वी तो कोणता दोष दूर करणार आहे व तो दोष त्या घरात प्रत्यक्ष ऐकू येतो काय, हे पाहणे आवश्यक असते. दोष ऐकू येत नसेल, तर त्याच्यावरील उपाय कितीही उत्तम असला तरी अनावश्यक ठरतो. दोष स्पष्ट ऐकू येत असेल, तर केवळ यंत्रणा साधी राहावी म्हणून तो सहन करण्याचेही कारण नसते.